सातवा प्रश्न

आज सकाळी मुलीचं कपाट पुसायला उघडलं, तर दाराला आतून चिकटवलेला कागद दिसला. अक्षर माझंच. दोन वर्षांपूर्वी तिच्या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत होती, तेव्हा मी हे प्रश्न लिहून काढले होते. रोज जेवण झालं की मी टेबलाच्या पलीकडे अधिकारी होऊन बसायचो. सातवा प्रश्न होता, शिक्षण संपल्यावर काय करणार?

"परत येणार. आई-बाबा इथेच आहेत," ती म्हणायची.

बायको ताटं उचलता उचलता सांगायची, "अगं, पटेल असं म्हण." मग ती पुन्हा म्हणायची. आठवडाभरात आम्हा तिघांनाही ते पटलं.

काल तिचा फोन आला. शिकून झाल्यावर तिथेच नोकरी करता येते, तो व्हिसा मिळाला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, "या वेळी मुलाखतीत काय विचारलं?"

"मुलाखत नव्हती बाबा. फॉर्म भरला, पदवीचं पत्र जोडलं, झालं."

"म्हणजे परत येणार का, ते..."

"ते या व्हिसाला विचारत नाहीत."

बरोबरच आहे. पहिल्या व्हिसावर माणूस पाहुणा असतो, आणि कधी निघणार हे पाहुण्यालाच विचारतात.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "त्यांनी नाही विचारलं, तर तुम्ही विचारायचं होतं."

विचारलं असतं. पण या वेळी आम्ही तिच्याकडून उत्तर पाठ करून घेतलं नव्हतं.