त्याच्या उजव्या हाताला

माझा नवरा प्रार्थना करायला लागला की लोक मांडी बदलून, सावरून बसायचे. बेंगळुरूतली आम्ही दहा-बारा मराठी ख्रिस्ती घरं. रविवारी जो तो आपापल्या भागातल्या चर्चमध्ये इंग्रजी नाहीतर कन्नड उपासनेला जातो, आणि महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी मराठीतून सभा भरते. शेवटी सगळे गोल बसतो, हात धरतो, डोळे मिटतो. पाळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायची आणि आपली झाली की शेजारच्याचा हात दाबायचा, म्हणजे त्यानं सुरू करायचं. ज्याला बोलायचं नसेल त्यानं नुसता हात दाबून पाळी पुढे ढकलायची.

नवऱ्याची प्रार्थना आजारी माणसांपासून निघायची आणि परीक्षेला बसलेल्या मुलांना वळसा घालून हेब्बाळच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या मंडळींपर्यंत पोचायची. फारच लांबली की मी त्याच्या मनगटावर बोटानं टकटक करायचे. मग तो आमेन म्हणून माझा हात दाबायचा, आणि मी लगेच पलीकडच्याचा. मी कधीच मोठ्यानं प्रार्थना केली नाही. दोघांच्या वाटणीचं तो बोलतोच की, असं माझं म्हणणं.

मागच्या वर्षी त्याला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, पाय निम्मा वाचला, आणि वाचा गेली. त्याला कळतं सगळं, शब्द तेवढे येत नाहीत. मला देवाचा भयंकर राग आला. इतक्या जणांसाठी ज्यानं बोलून बोलून घसा कोरडा केला, त्याचीच जीभ न्यावी?

घरी आल्यापासून संध्याकाळी दिवा लावला की तो डाव्या हातानं समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवायचा. आमची घरची प्रार्थनेची वेळ. मी बसायचे. तो डोळे मिटायचा आणि मी उघडे ठेवून त्याच्याकडे बघत राहायचे. राग एकीकडे, पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं, की आत चाललंय तरी काय? शब्दच नाहीत तर हा माणूस प्रार्थना करतो कशानं? बोलण्याचा सराव करून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांना मी विचारलं, शब्द यांच्या तोंडाशी अडतात की मनातच उमटत नाहीत? त्या म्हणाल्या, दोन्ही असू शकतं. माझं कुतूहल आणखी वाढलं.

शेवटी त्यालाच विचारलं. “अहो, देवाला सांगता तरी काय?”

त्यानं थोडा विचार केला, डावा तळवा उताणा करून गुडघ्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“हे काय उत्तर झालं?” मी म्हटलं. तो अर्ध्या तोंडानं हसला. तो आंघोळीला गेल्यावर मी तसाच तळवा ठेवून बसून पाहिलं. मला इडलीचं पीठ वाटायचं राहिलंय एवढंच आठवलं.

शेजारच्या अक्कांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून इथलं. मराठी बोलतात ती निम्मी कन्नड. देव त्यांचे वेगळे, पण चौकशी आमच्याही देवाची करतात. सांबाराचं पातेलं द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “एवढी वर्षं तुमच्या घरातलं सगळं भाऊच सांगत होते देवाला. आता कोण सांगतंय गं?”

“देवाला न सांगताच कळतं, अक्का.”

“सरी, खरंय ते. पण तुलाबी स्वल्प सांगायचं असेल की.”

मी पातेलं घेतलं आणि विषय बदलला.

पुढच्या महिन्यात सभा आमच्याकडे घ्यायचं ठरलं. प्रार्थनेला गोल बसलो तेव्हा मी सवयीनं त्याच्या उजव्या हाताला बसले आणि तो हात हातात घेतला. पाळी त्याच्या डावीकडून येत होती. तिथं महादेवपुऱ्याहून आलेली एक नवी मुलगी होती. तिनं नोकरीसाठी प्रार्थना केली, आमेन म्हटलं, त्याचा डावा हात दाबला असणार. मग शांतता.

मी डोळे मिटून त्याच्या हाताची वाट बघत होते. पंखा फिरत होता. शेजारी अक्कांच्या कुकरची शिट्टी झाली. सगळ्यांना वाटत होतं तो मनात प्रार्थना करतोय, आणि मलाही तेच वाटत होतं. आणखी एक शिट्टी झाली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ज्या हाताची वाट बघत होते, तो आता दाबणार नव्हता.

प्रार्थनेत उघडू नयेत ते डोळे मी उघडले. तो माझ्याकडेच बघत होता. त्यानं मुलीच्या हातातून डावा हात सोडवला, अंग वळवलं. कपाळावर घाम आला होता. तो हात मांडीवरून ओढत इकडे आणला आणि माझा हात घट्ट दाबला.

पलीकडे सभेतले वडीलधारे दादा होते. त्यांचा हात दाबला की सुटले असते. मला ते जमलं नाही.

“प्रभू, मला तुझा राग आलाय,” मी म्हटलं. कुणीतरी खाकरलं. मग जे निघालं ते थांबेना. रोज सकाळी त्याच्या सदऱ्याची बटणं लावताना मला किती भीती वाटते, तो माझ्या आधी गेला तर, मी त्याच्या आधी गेले तर, आणि त्याचा रिकामा तळवा मला अजून समजलेला नाही, हे सगळं मी सांगितलं. राग कमी झाला नव्हता. पण कुणीतरी तो ऐकून घेतंय असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं, म्हणून मी बोलत राहिले, सरावाच्या बाईंबद्दल, अक्कांबद्दल, पुलावर अडकलेल्या मंडळींबद्दलसुद्धा.

तेवढ्यात मनगटावर काहीतरी लागलं. त्याचं डावं बोट होतं, टकटक करणारं.

मी आमेन म्हटलं आणि दादांचा हात दाबला.