निकेलच्या पुंगळ्या

निकेलच्या पुंगळ्या मागवण्याचं शहाणपण माझंच. सैन्यात हत्यारं दुरुस्त करणारा आर्मरर हवालदार होतो. निवृत्तीनंतर कुवेतमधल्या एका शूटिंग क्लबच्या आर्मरीत लागलो. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या साफ करायच्या, ठिणगी देणारा नवा प्रायमर, दारू आणि गोळी बसवून पुन्हा काडतुसं करायची, हे काम. साधं पितळ इथल्या समुद्राकाठच्या दमट हवेत काळं पडतं. निकेलचा मुलामा चांदीसारखा राहतो. मालक अबू फहद खूश. मीही त्या लग्नातल्या वाट्यांसारख्या मांडून ठेवायचो. निकेलची खोड ठाऊक होती: काही वेळा भरल्यावर पुंगळी तोंडाशी तडकते, आणि चकाकीत तडा दिसत नाही. मी चकाकीच बघत बसलो.

त्या सकाळी नवा लॉट रेंजवर गेला. मागे राहिलेलं एक काडतूस पुसताना त्यातली गोळी अंगठ्याखाली आत सरकली. तोंडाला केसाएवढा तडा. अशी गोळी पिस्तुलात भरताना आणखी आत दबते, दाब वाढतो, पिस्तूल हातातच फुटतं.

वॉकीटॉकी उचलला.

"रेंज, आर्मरी. फायर रोको. ओव्हर."

उत्तर नाही. सगळ्यांच्या कानांवर इअर मफ.

मी धावलो. पोट पुढे, मी मागे. चालू रेंजवर फायरिंग लाइनकडे पळणं सैन्यात असतो तर थेट चार्जशीट. मफ लावलेल्यांना ओरडून उपयोग नव्हता. अबू फहदनी पिस्तूल रोखलं होतं. शेजारी सेफ्टीवाला सावंत, मालवणचा. मी दोन्ही हात हलवले. त्याने मला पाहिलं, लाल झेंडा वर केला आणि मालकांचा खांदा धरला.

"हवालदारानू, मराक इलात काय हंय?"

"शिनो?" काय झालं म्हणून अबू फहद खेकसले.

"साब, उंगली बाहर. पिस्तूल नीचे," मी म्हणालो.

मी चेंबर उघडलं. काडतूस तळहातावर पडलं. गोळी अर्धीअधिक आत दबलेली. अबू फहदनी ते बराच वेळ पाहिलं, मग बाकावर बसले.

"ब्रास," ते म्हणाले. "ओन्ली ब्रास."

निकेलचा सगळा माल भंगारात गेला.

दुपारी सालमिया भागातल्या आमच्या घरी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. पोटाचं वर्णन रंगवून केलं, म्हणजे ती हसेल. पण तिने माझ्या हातातली आमटीची वाटी काढून घेतली.

"मोरेभावजींसारखं झालं असतं?"

लान्स नायक मोरे. प्रॅक्टिस फायरिंगला माझ्या डाव्या हाताला पालथा झोपून नेम धरत होता. काडतूस चेंबरमध्येच फुटलं, रायफलचा बोल्ट मागे उसळून तोंडावर आला. हॉस्पिटलपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेतच गेला.

मी होकाराची मान हलवली.

"तुम्ही सैन्यातून धडधाकट घरी आलात म्हणून देवीची ओटी भरून मी नवस फेडून टाकला," ती म्हणाली. "तोच नवस मोरेवहिनीही माझ्या शेजारीच उभ्या राहून बोलल्या होत्या. त्यांचा तसाच राहिलाय."