समुद्राला वाढलेलं जेवण

जहाज पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जहाज आहे हेच कळलं नाही. मुंबईच्या बंदरावर गोदामांच्या मागे एक पांढरी इमारत उभी होती, खिडक्याच खिडक्या. मी तिच्या पलीकडे जहाज शोधत होते. शेजारच्या हमालाने हसून सांगितलं, "ताई, तेच ते."

आत जायला दोन दारं होती. एका दाराशी ढोल, फुलं, सरबत. दुसऱ्या दाराशी बॅगा तपासायचं यंत्र आणि एक कंटाळलेला शिपाई. मी दुसऱ्या दाराने आत गेले. हे प्रवासवर्णन त्या दुसऱ्या दारातून केलेल्या प्रवासाचं आहे, म्हणून यात सूर्यास्त कमी आहेत.

मी छत्रपती संभाजीनगरची, भीमनगरची. वडील चळवळीतले. पत्रकं लिहायची, छापून आणायची, घरी आम्ही भावंडांनी घड्या घालायच्या आणि सभेच्या दाराशी वाटायची, असं आमचं बालपण. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचायला शिकले. त्यामुळे माझ्या बोलण्यात अजूनही 'जाहीर निषेध' फार लवकर येतो, असं मैत्रिणी म्हणतात. हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेतली, शहरातल्या हॉटेलांत काही दिवस काढले आणि मग एजंटमार्फत या जहाजावर लागले. मुंबई, गोवा, कोची, लक्षद्वीप आणि परत मुंबई, असा त्याचा फेरा. घरी मी सांगितलं होतं, जग बघायला चालले आहे.

माझं काम वरच्या मजल्यावरच्या बुफेतलं. लोक जेवून उठले की ताटं उचलायची आणि गाडीवरून खाली गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघराला तिथं असंच म्हणतात) पोचवायची. गॅलीच्या मागे एक खिडकी नसलेली खोली होती. तिथं ताटं सरकत्या पट्ट्यावर यायची. दोघं-तिघं पट्ट्याशी उभे राहून ताटांतलं वेगळं करायचे. हाडं एका डब्यात, कागद दुसऱ्यात, उरलेलं सगळं अन्न पन्हळीत. पन्हळीतलं पाणी ते अन्न एका यंत्रात ओढून न्यायचं. त्या यंत्राला सगळे चक्की म्हणत. चक्कीतून राखाडी रंगाची पेज निघायची, ती टाकीत साठायची आणि जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की समुद्रात सोडली जायची. बंदरात असताना सोडायला बंदी, म्हणून गोव्याला उभे असलो की टाकी भरत जायची आणि त्या खोलीत श्वास घेणं कठीण व्हायचं. वर लोक फेणी पीत फोटो काढत असायचे.

त्या खोलीत सुमेध होता. नाव मी बदललं आहे. करमाडच्या पुढच्या एका गावातला, माझ्याहून लहान, उंच आणि वाकून चालणारा. पहिल्याच दिवशी माझी बोली ऐकून त्याने विचारलं, "ताई, तुम्ही आपल्याकडच्या व्हय?" मग घराण्यांची चौकशी झाली. त्याच्या गावात माझ्या वडिलांची सभा झाली होती, त्याला आठवत होती. तेव्हापासून तो मला लहान भावासारखा झाला. शहागंजचा फैयाजही तिथंच होता. तो ताटं खरवडताना म्हणायचा, "आपा, दर्या का पेट भर रये अपन, अपना खाली." आम्ही हसायचो. हसण्यासारखं फारसं नव्हतं, पण फैयाजचं तोंड बघून हसू यायचं.

चक्कीत काय काय जायचं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ताटात उरलेलं जायचंच. पण बुफेतल्या ज्या ट्रेंना कोणी हातही लावलेला नसायचा, ते ट्रेही जेवणाची वेळ संपली की खाली यायचे आणि चक्कीत रिकामे व्हायचे. अख्खे केक, पुऱ्यांचे ढीग, तुपात न्हालेला शिरा. आम्ही ते खायचं नाही, हा नियम. ताटातलं खाल्लं तर स्वच्छतेचा भंग, त्याला ताकीद आणि पुन्हा प्रशिक्षण. ट्रेतलं खाल्लं तर चोरी, कारण चक्कीत पडेपर्यंत तो कंपनीचा माल. असं करणाऱ्याला कामावरून काढून पुढच्या बंदरावर उतरवायचे.

आमच्यासाठी वेगळी मेस (नोकरांची जेवणाची खोली) होती. भात, पातळ वरण, कोंबडीचे मानेचे तुकडे. तिची वेळ ठरलेली आणि आमच्या कामाची वेळ न ठरलेली.

एकदा आपल्याकडचीच काही मंडळी वर जेवायला होती. त्यातल्या काकूंनी माझं मराठी ओळखलं. कुठली, कुणाची, लग्न झालं का, सगळं विचारून झालं. ताटात चार प्रकारचे गोड पदार्थ तसेच सोडून त्या उठल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे उरलेलं तुम्हा लोकांना मिळतं ना गं? मिळावं बाई, वाया जातं."

त्या मायेनेच बोलल्या होत्या. मला मात्र कानशिलं तापल्यासारखी वाटली. आमच्या घरात लग्नाच्या जेवणानंतर उरलेलं डब्यात भरून आणायलाही वडिलांची मनाई होती. माझ्या आज्याच्या पिढीने गावजेवणं उठल्यावर पत्रावळींवरचं गोळा करून आणलेलं आहे, गावकीच्या कामाचा तोच त्यांचा मोबदला होता. बाबासाहेबांच्या मागे धर्म बदलला तेव्हा आमच्या लोकांनी पहिल्यांदा जे सोडलं त्यात हे उष्टं होतं. मी काकूंना एवढंच म्हटलं, नाही काकू, हे समुद्राला जातं. त्यांना ते ऐकून बरं वाटलं. म्हणाल्या, मासे तरी खातील.

त्या फेरीला एका कंपनीचे विक्रेते सहकुटुंब चढले होते आणि कोचीच्या आदल्या दिवशी दुपारचं जेवण लांबत गेलं. सुमेधच्या दोन पाळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या. मेस उघडली तेव्हा तो पट्ट्याशी होता, बंद झाली तेव्हाही पट्ट्याशीच. सकाळच्या चहावर तो उभा होता. मी गाडी घेऊन खाली गेले, ताटं पट्ट्यावर ठेवली. एका लहान पोराचं ताट होतं, दोन पुऱ्या तशाच आणि एक पनीरचा तुकडा चावून ठेवलेला. सुमेधने आधी माझ्याकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली, दोन्ही पुऱ्यांची एकत्र घडी केली आणि तोंडात घातली. पनीरही. माझ्या डोक्यात सगळी पत्रकं एकदम फडफडली आणि एकातही या क्षणाचं पान नव्हतं.

तेवढ्यात तपासणीचे साहेब आत आले. त्यांना दिसलं ते इतकंच: सुमेधचे गाल भरलेले, उजवीकडे पट्ट्यावर ताटं, डावीकडे पुऱ्यांचा न शिवलेला ट्रे.

सुपरवायझर थॉमस सर माणूस वाईट नव्हते. चौकशीआधी त्यांनी सुमेधला बाजूला घेऊन हिंदीत सांगितलं की प्लेटमधून घेतलं असं बोल, ताकिदीवर भागेल. ट्रेमधून म्हणालास तर माझ्या हातात काही राहणार नाही. खरं काय ते विचारलंच नाही त्यांनी. वाट दाखवली, आणि योगायोगाने ती वाट खरीही होती.

सुमेध मला कॉरिडॉरमध्ये भेटला. साक्षीला मलाच बोलावलं होतं.

"ताई, ट्रेतलं घेतलं म्हणून सांग."

मी म्हटलं, वेडा आहेस का, नोकरी जाईल. आणि ते खरंही नाही.

"जाऊ दे. खालच्या लाँड्रीत आमच्या गावच्या पाटलाचा पोरगा हाय. सांजच्याला गावात फोन जाईल त्याचा. चोरी केली म्हणलं तर बदनामी माझ्या एकट्याची. उष्टं खाल्लं म्हणलं की सगळ्या वस्तीची व्हती. म्हणतील, जहाजावर गेले तरी उष्ट्या पत्रावळीवरच बसले."

"म्हणू देत की. भूक लागली होती तुला."

"भुकेचं कुणी सांगत नाय, ताई. उष्ट्याचं सांगत्यात."

त्याच्याशी भांडायला माझ्याकडे मुद्दे पुष्कळ होते. लाज त्याची नाही, कंपनीची आहे. माणसाला उपाशी उभं करून त्याच्यासमोरून अन्न सरकवणाऱ्यांची आहे. मी ते सगळं बोलले, बहुतेक जोरातच. तो ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला की हे सगळं तू माझ्या गावच्या पारावर येऊन बोलशील का, रोज?

आत सुमेधने स्वतःच सांगितलं की ट्रेमधून घेतलं. थॉमस सरांनी डोळे मिटले. मग मला विचारलं, तू काय पाहिलंस? मी लहानपणापासून खरं बोलण्यावर भाषणं ऐकली आहेत, केलीही आहेत. सुमेध माझ्याकडे बघत नव्हता. स्वतःच्या बुटांकडे बघत होता. अब्रू त्याची, नोकरी त्याची. मी म्हटलं, ट्रेमधून.

दुसऱ्या दिवशी कोची आलं. बंदराच्या क्रेन, पाण्यावर तेलाचे रंग, दूरवर नारळीची रांग. मला गँगवेच्या (जहाजातून उतरायच्या जिन्याच्या) तोंडाशी जाता आलं नाही, वर नाश्त्याची वेळ होती. ताटं उचलताना काचेतून एक उंच मुलगा वाकून बॅग ओढत जाताना दिसला. तो सुमेधच होता की आणखी कुणी, नक्की सांगता येणार नाही. त्याच्या जागेवर दुपारी बिहारचा एकजण उभा राहिला. चक्की थांबली नाही.

त्यानंतर लक्षद्वीप पाहिलं. वाचक विचारतील म्हणून लिहिते: पाणी खरोखर तितकं निळं आहे. प्रवासी होड्यांतून बेटावर गेले आणि आम्हाला थोडा वेळ मागच्या उघड्या डेकवर जाता आलं. निळ्या पाण्याकडे बघत फैयाज कठड्याला रेलून उभा होता. मग म्हणाला, "इसकू भी मालूम नइं, क्या खा रा करके." त्या दिवशी कोणी हसलं नाही.

करार संपला तेव्हा मी पुढचा केला नाही. घरी आल्यावर चार दिवसांनी जालना रोडची बस धरली. शेंद्र्याच्या कारखान्यांच्या भिंती मागे पडल्या, करमाड आलं, तिथून काळीपिवळी जीपने पुढे. ज्वारी कंबरेएवढी झाली होती. सुमेध शेंद्र्याला एका कारखान्यात पॅकिंगला लागला होता, कामावरून यायचा होता. घरी त्याच्या आई होत्या. शांताबाई त्यांचं नाव.

त्यांनी चहा ठेवला. कप माझ्या हातात दिला आणि समोर बसल्या. लाँड्रीवाल्या पोराचा फोन गावात केव्हाच पोचला होता. सुमेधने आईलाही तेच सांगितलं होतं, चोरी केली म्हणून.

"बाई, तू त्याच्याबरुबर व्हतीस," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात कुणी दुसऱ्याच्या काडीला हात लावला नाय. किराणावाला बी आता माझ्या हाताकडं बघतो. खरं सांग. चोरलं त्यानं?"

हाच प्रश्न थॉमस सरांनी विचारला होता, आणि तिथं मी सुमेधला हवं ते उत्तर दिलं होतं. पण साहेबाला फसवणं वेगळं. या बाईने मुलाला जन्म दिला होता आणि आता ती त्याला चोर समजत होती.

मी म्हटलं, "नाही मावशी. चोरलं नाही. भूक लागली होती. ताटातलं खाल्लं."

त्या हलल्या नाहीत. चुलीवरचं दूध वर आलं ते मीच उतरवलं. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यानं उष्ट्याची पाटी चावडीम्होरं जाळली. मी नवी नवरी व्हते, राकेल मीच धरलं व्हतं. पोरांनी धड खावं म्हणून जाळली बाई. उपाशी ऱ्हावं म्हणून नाय."

सुमेध दारात उभा होता. कधी आला ते आम्हाला कळलं नव्हतं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून उभी राहिले. शांताबाई भाकरी थापायला बसल्या. पहिली भाकरी त्याच्या ताटात घातली आणि तो जेवेपर्यंत त्याच्यासमोरून हलल्या नाहीत. तो खाली मान घालून जेवला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

काळीपिवळीपर्यंत मात्र तो सोडायला आला. गाडी भरत आली तेव्हा म्हणाला, "तू हे लिव्हणार. मला म्हाईत हाय."

मी म्हटलं, तू नको म्हणालास तर नाही.

त्याने गाडीचं दार धरून ठेवलं. "गावाचं नाव टाकू नको. माझं बदल. आईचं बोलणं बदलू नको."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. वाटेवरच्या ढाब्यांवर दिवे लागत होते, बाहेर खाटांवर माणसं जेवत होती. जग बघायला म्हणून मी निघाले होते. पाहिलं ते इतकंच: पूर्वी उष्टं आमच्या पदरात टाकून आम्हाला खाली ठेवत होते, आता तेच आमच्या हातून समुद्रात टाकतात आणि खाली ठेवायचं काम तसंच चालू आहे. मधल्या काळात आम्ही काय मिळवलं? उष्ट्याला नाही म्हणायचा हक्क मिळवला, आणि तो लहान नाही. पण सुमेधला तो हक्क नोकरी गमावून वापरावा लागला, तेही खोटं बोलून. ज्यांनी त्याला उपाशी उभं केलं त्यांना कुणी काहीच विचारलं नाही.

ते जहाज आज गोव्याला उभं असेल. टाकी भरत असेल.