जास्तीचा पाटा

नवऱ्याने पिकअप घेतली तेव्हा आम्ही गोखिवऱ्यात नवे होतो आणि मुलगी माझ्या मांडीवरची. कारखान्यांचा माल पोचवायचं काम. माल चढला की गाडीची पाठ बसायची, म्हणून यांनी मिस्त्रीकडून मागच्या स्प्रिंगमध्ये एक जास्तीचा लोखंडी पाटा टाकून घेतला. गाडी ताठ उभी राहिली आणि यांची कॉलरही.

मला तो ताठपणा आवडला नाही. पूर्वी माल जास्त झाला तर गाडी वाकून सांगायची तरी. आता तिचं तोंडच बंद केलं होतं. दाराच्या आत कंपनीची पाटी होती, गाडी, माणसं आणि माल मिळून किती वजन चालेल ते सांगणारी. ती वाचून दाखवली की हे हसायचे.

"कंपनीवाले घाबरट असतात गं. पाटा टाकलाय ना?"

"पाट्याने गाडी उचलली. ब्रेक तेच आहेत ना?"

"तू चहा टाक."

लग्नसराई आली तशी यांनी मागे हुक वेल्ड करून चाकांवरचा जनरेटर ओढायला सुरुवात केली. हौद्यात मंडपाचे लोखंडी पाइप, मागे जनरेटर. गाडी ओढते म्हणजे तिला झेपतं, असा यांचा हिशोब. जनरेटरला स्वतःचे ब्रेक नाहीत, आणि त्याच्या दांडीचा भारही गाडीच्याच पाठीवर येतो, हे सांगून मी थकले.

गास गावात चर्चच्या सणाचं काम होतं. आम्ही तिघंही निघालो. भर दुपारी रेल्वेवरचा पूल गाडी कुरकुरत चढली. उतारावर यांनी ब्रेक दाबला, आणि मागून कुणी ढकलावं तशी गाडी पुढेच गेली. जनरेटर हेलकावे खात होता. खाली रिक्षा उभ्या होत्या. शेवटच्या रिक्षाला टेकायच्या बेतात गाडी थांबली. जळक्या ब्रेकचा वास आत भरला. मुलगी झोपलेलीच होती.

"बघ, थांबली ना," हे म्हणाले. हात मात्र स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

घरी आल्यावर मी भांडले नाही. धंदा हे सोडणार नव्हते. एवढंच म्हटलं, की यापुढे आपण तिघांनी या गाडीत एकत्र बसायचं नाही.

"का?"

"पोरीला कुणीतरी एक उरायला हवं."

मला वाटलं, हसतील. हे मुलीकडे बघून म्हणाले, "बरं."

म्हणजे धोका यांनाही माहीत होता. सकाळी जनरेटर जोडून हे एकटेच निघाले.