ह्यांची नजर आणि पिवळी पट्टी

आमचे हे रंगाच्या दुकानात रंग मिसळतात. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा टवका कागदात गुंडाळून आणतं आणि हे त्याला जुळणारा रंग डब्यात घोटून देतात. दुकानात मशीन आलं, तरी मालक शेवटी ह्यांनाच विचारतो. त्यामुळे नजरेचा तोरा फार. घरातल्या दोन पांढऱ्या चादरी एकसारख्या नाहीत, हे मला लग्नानंतर आठवड्याभरातच ऐकून घ्यावं लागलं.

आमची मुलगी आठ वर्षांची. एका जागी ठरत नाही, म्हणून भिंगरी. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिचे डोळे सुजून आले, मग पाय. लघवीतून प्रथिनं वाहून जात होती. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. सूज उतरली, पण भूक खवळली, गाल फुगले, कपडे होईनात आणि जिन्यातली पोरं तिला फुगा म्हणायला लागली. गोळ्या दोनदा थांबल्या आणि दोनदा परत सुरू झाल्या. तिसऱ्यांदा थांबून आता चार महिने झाले होते. पोरगी पुन्हा काटकुळी झाली होती आणि मला तिचं कौतुक पुरत नव्हतं.

घरी करायचं ते एवढंच. सर्दी-तापावर लक्ष ठेवायचं, आणि रोज सकाळच्या पहिल्या लघवीत कागदी पट्टी बुडवून तिचा रंग पट्ट्यांच्या डबीवरच्या रंगीत चौकटींशी ताडून बघायचा आणि वहीत लिहायचा. पिवळी राहिली तर उत्तम. सलग तीन दिवस हिरवी आली, तर मुलीला घेऊन यायचं. हे काम माझं होतं. सोमवारपासून डेअरीत माझी पाळी पहाटेची झाली आणि पट्टी ह्यांच्या हातात गेली.

"नीट बघाल ना?" मी विचारलं.

"मी जन्मभर दुसरं काय करतोय?"

सोमवारी वहीत हिरवी. मंगळवारी हिरवी. बुधवारी मला सुट्टी होती. दात घासता घासता मी ह्यांच्या हातातली पट्टी पाहिली. "मला तर पिवळी दिसते," म्हटलं.

"तुझं राहू दे," हे म्हणाले आणि नंतर वहीत 'हिरवी' असंच लिहिलं.

भिंगरीने "परत गोळ्या?" एवढंच विचारलं आणि बूट घालायला बसली.

सकाळच्या लघवीची बाटली घेऊन आम्ही दवाखाना गाठला. सिस्टरनी नवी पट्टी बुडवली, जादा थेंब झटकला आणि घड्याळ बघत उभ्या राहिल्या. मिनिट झालं.

"पिवळी आहे," त्या म्हणाल्या.

"थांबा, अजून ओली आहे," हे म्हणाले. "ओला रंग फसवतो. मी वीस मिनिटं खिडकीत वाळवतो, मगच जुळवतो."

सिस्टर बघतच राहिल्या. "अहो दादा, ही भिंत नाही. मिनिटाला बघायची आणि टाकून द्यायची. उशीर झाला की हिचा रंग बदलतो, त्याला काही अर्थ नसतो."

डबीवर ते लिहिलेलंही होतं. ह्यांनी चौकटी तेवढ्या पाहिल्या होत्या, अक्षरं वाचलीच नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मी सगळ्यांदेखत म्हणाले. खरं तर माझा जीव भांड्यात पडला होता, आणि आनंद झाला की मला टोचून बोलायला सुचतं.

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीचे पाय दाबून पाहिले. गोळ्या नकोत, पट्टी रोज चालू ठेवा, म्हणाल्या. "चुकून आलात ते परवडलं. यायचं राहून गेलं असतं तर महागात पडलं असतं."

परतल्यावर भिंगरी तळमजल्यावरच थांबली. तिने तिथल्या मावशींचं दार वाजवलं, आत गेली आणि आपला निळा फ्रॉक घेऊन बाहेर आली.

"हा इथे कसा?" मी विचारलं.

"काल दिला होता त्यांच्या मुलीला. मला होणार नव्हता ना आता."

हे जिन्याच्या पायरीवर बसले. "अगं, आम्हाला सांगायचंस तरी."

"तुम्ही हिरवी म्हणालात ना, बाबा."

ह्यांचे डोळे भरून आले. तिथेच, अंगातल्या कपड्यांवरूनच त्यांनी तिला फ्रॉक चढवला आणि पाठीवरची बटणं खालून वर एकेक करून लावली. सगळी लागली.