तारीख उलटलेल्या गोळ्या

चि. ऋचा आणि चि. निखिल, तारीख उलटलेल्या औषधांबाबत माझा सल्ला कुणीही घेऊ नये.

ऋचा, मागच्या रविवारी तू फोनवर सहज म्हणालीस, "आजी, माझ्या डिप्रेशनच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. उरलेल्या एक्स्पायर झाल्यात, त्यांचं काय करू?" तू इतकं मोकळेपणी विचारलंस की मी गोंधळून "जेवलीस का?" म्हटलं आणि फोन ठेवला. याच प्रश्नाने मी पूर्वीही एकदा गोंधळले होते. तेव्हा गोंधळायला सोबत तरी होती! म्हणून आजच लिहायला बसले.

मिल बंद झाली तेव्हा तुमचे आजोबा तिथल्या हिशेबखात्यात होते. भोंगा वाजायचा थांबला, तरी हे वेळेवर अंघोळ करून, डबा घेऊन दारातल्या खुर्चीवर बसायचे. पुढे बोलणं कमी झालं, मग जेवण. डॉक्टरांनी उदासीवरच्या गोळ्या दिल्या. हळूहळू माणूस माणसात आला, डॉक्टरांनीच गोळ्या कमी करत बंद केल्या आणि एक पाकीट उरलं.

गल्लीत हे कुणाला कळता कामा नये, अशी आजोबांची सक्त ताकीद होती. त्यात समोरच्या शुक्ला भाभींच्या भावाने नमकीनचा कारखाना काढला होता आणि तिथे यांची नोकरी जवळजवळ ठरली होती. पागल आदमी को हिसाब कौन देगा, असं हे स्वतःच म्हणायचे. ती नोकरी हुकली असती तर हे पुन्हा त्या खुर्चीवर जाऊन बसले असते, एवढीच माझी भीती.

मला इंग्रजी येतं म्हणून दिवाळीच्या साफसफाईत गल्लीतल्या बायका घरातली औषधं घेऊन माझ्या ओट्यावर यायच्या. मी चष्मा लावून तारखा वाचायची. चालणारी औषधं परत, उलटलेली मधल्या सुपात. (तारखेचे आकडे वाचायला इंग्रजी लागत नाही, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.) त्या वर्षी माझं डोकं भलतंच चाललं. आपलंही पाकीट गुपचूप सुपात टाकायचं! त्या ढिगात कुणाचं काय, कोण ओळखणार?

टाकलं. जरा वेळाने बघते तर सुपात माझी पाकिटं दोन. पुन्हा बघितलं तर तीन. सगळी तशीच, त्याच नावाची. मी एकच आणलं होतं ना? का यांच्याबरोबर माझाही तोल गेला?

तेवढ्यात शुक्ला भाभींनी त्यातलं एक उचलून विचारलं, "भाभी, ये काहे की है?"

"गॅसची," मी चष्म्यावरून बघत शांतपणे म्हणाले.

"मग द्या ना ताई," शेजारच्या वानखेडेवहिनी म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंना फार त्रास आहे. थोडी तारीख गेली तर काय होतंय?"

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, हो म्हणावं तर एक म्हातारी भलतंच औषध खाणार. मी म्हटलं, फार जालीम आहे हो. वहिनी म्हणाल्या, सासूबाईही काही कमी नाहीत. मी म्हटलं, ही फक्त पुरुषांसाठी असते. शुक्ला भाभींनी विचारलं, गैस में भी लेडीज-जेन्ट्स होता है क्या? वहिनींनी हात पुढे केला. नोकरी गेली तर गेली, असं ठरवून मी तोंड उघडलं, तोच भाभींनी सूप ओढून मांडीवर घेतलं.

"किसी को नहीं देना। ये गैस की नहीं है।"

"तुम्हाला काय माहीत?" वहिनी म्हणाल्या.

भाभी सुपाकडेच बघत होत्या. "हमारे इनकी है। मिल बंद हुई तब से।"

मग मी म्हणाले, "एक आमच्या यांची."

वहिनींचा हात अजून पुढेच होता. "तिसरं आमच्या यांचं, द्या इकडं," त्या हळूच म्हणाल्या. "कुणाला कळायच्या आत परत न्यावं म्हणून तर मागत होते."

तेव्हा कुठे मला आठवलं की वहिनींच्या सासूबाई वारून कितीतरी वर्षं झाली होती. आम्ही सगळ्या जाऊन भेटून आलो होतो!

मी भीतभीत नोकरीचा विषय काढला, तर भाभींनाच हसू आलं. "दिवाली बाद भेजो भाईसाब को। हमारे ये भी तो वहीं जा रहे हैं, दोनों साथ निकलेंगे।"

एवढं सगळं होऊन मूळ प्रश्न तिथेच. नालीत टाकावं तर पाणी नदीत जाणार. कचऱ्यात टाकावं तर कोपऱ्यावरची गाय पिशवीसकट खाणार. जाळावं तर धुराचं काय होईल, कुणालाच ठाऊक नाही. केमिस्टकडे गेले, तर तो म्हणाला, दवा लेने सब आते हैं, लौटाने आप पहली आई हो, आणि त्याने पाकिटांना हातही लावला नाही. (तुमच्याकडे केमिस्ट परत घेतात म्हणे. ऋचा, तिथेच विचार.) शेवटी तिन्ही पाकिटं बिस्किटांच्या डब्यात घालून तात्पुरती माझ्याकडे ठेवायचं ठरलं. कारण काय, तर मी व्यवस्थित.

आजोबा त्या कारखान्यातूनच रिटायर झाले. मिलच्या जागी आता दुकानं आहेत. भाभी आणि वहिनी आपापल्या मुलांकडे राहायला गेल्या. डबा माझ्या कपाटात आहे. दर दिवाळीला मी तो उघडते, चष्मा लावून तारीख वाचते, उलटली आहे याची खात्री करून घेते आणि जागच्या जागी ठेवून देते.