नर रेडकू

कडेगावजवळच्या एका शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. पोरं कुत्र्यांना दगड मारायची, सरड्याच्या शेपटीला दोरा बांधायची. म्हणून मी सांगितलं, प्रत्येकानं घरातलं एक जनावर महिनाभर सांभाळायचं आणि दर शनिवारी वर्गात त्याच्याविषयी बोलायचं.

कुणी शेळी घेतली, कुणी कोंबडी. एका मुलीनं आठ दिवसांचं रेडकू घेतलं, तेही नर. आमच्याकडं म्हशीला रेडी झाली तर तिला जपतात. रेडा झाला तर पान्हा सुटण्यापुरता आचळाला लावतात आणि ओढून बाजूला बांधतात. दूध डेअरीला जातं. रेडकू वाळत जाऊन मरतं. त्याला मारलं, असं कुणी म्हणत नाही.

ही पोर पहाटे सगळ्यांच्या आधी उठून त्याला सोडायची. रेडकू पोटभर प्यायचं. दूध घटलं तेव्हा आजोबांनी पाळत ठेवून तिला पकडलं. मारलं नाही. हाताला धरून शाळेत आणलं.

"आवं बाई, तुमी शिकवताय ते चांगलं हाय," ते शांतपणे म्हणाले. "पर रेडा जगवून करायचं काय? जिनं सोडलं, आता तीच बांधंल."

रोज सकाळी रेडकाच्या तोंडाला दोरीचं मुसकं तिनंच बांधायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पोर माझ्याकडं बघत होती. मी त्यांना चहा विचारला.

त्यानंतर नवव्या दिवशी रेडकू मेलं. शनिवारी ती उभी राहिली.

"मुसकं मीच बांधत हुते. ते माझा हात चाटायचं. म्हस दोन दिस वरडली, मग तिला पान्हा सुटायचं इंजेक्शन दिलं. आता देती दूध."

मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "बाई, तुमच्या घरात रेडकू जगतं का?"

आमच्या गोठ्यात तीन म्हशी आहेत. इतक्या वर्षांत तिथं एकही रेडा मोठा झालेला मी पाहिलेला नाही, आणि ते रेडे कुठं गेले हे मी कधी विचारलेलं नाही.

"बस खाली," मी म्हणाले.

ती बसली. त्या वर्षात तिनं मला पुन्हा काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मी मुलांना चिमण्यांसाठी पाणी ठेवायला सांगितलं. कुणाच्या घरून तक्रार आली नाही.